सुट्टीत पुण्याला येताय, शर्यतही धावायचीय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. नोकरीमुळे, लग्नामुळे पुणं सोडून गेलेली मंडळी सुट्टीची तिकिटं काढतात आणि त्याच मुक्कामात इथली एखादी शर्यत गाठता येईल का, असं विचारतात. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. डिसेंबरचा पहिला रविवार हा तिचा जुना मुहूर्त. त्याखेरीज दहा किलोमीटरच्या आणि अर्धमॅरेथॉनच्या (साधारण २१ किलोमीटर) शर्यती थंडीभर शहरात नि उपनगरांत होतच असतात. बहुतेक पत्रांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: गाव आपलंच, मग वेगळी तयारी कशाला? गाव आपलं असलं, तरी पाय, पोट आणि झोप आता दुसऱ्या हवेला सरावलेली असतात. खालची उत्तरं ते लक्षात ठेवूनच दिली आहेत.

मी स्टुटगार्टला राहतो, मूळचा कोथरूडचा. डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येतोय. अर्धमॅरेथॉन धावायची आहे. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी एक शर्यत आहे, दहाव्या दिवशी दुसरी. मधल्या काळात नातेवाइकांकडे जाणं, तुळशीबाग, मुलांना सिंहगड दाखवणं हे सगळं ठरलेलं आहे. कोणती शर्यत धरू?

दहाव्या दिवसाची. पहिलं कारण घड्याळाचं. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. इथे पहाटे साडेपाचला शर्यत सुटेल तेव्हा तुमच्या शरीरात रात्रीचा एक वाजलेला असेल. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीनं सरकतं, म्हणजे साडेचार तासांना चार-पाच दिवस जातात. निघण्याआधीचे तीन-चार दिवस रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपलात आणि लवकर उठलात, तर इथे आल्यावरचं ओझं कमी होईल. (अमेरिकेहून येणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. न्यू जर्सीच्या माणसाला इथली पहाटे साडेपाचची वेळ म्हणजे आदल्या संध्याकाळचे सात. त्याला पहाट सोपी जाते, दुपार मात्र जड जाते.)

दुसरं कारण पायांचं. लांबच्या विमानप्रवासात पोटऱ्या आणि घोटे सुजतात, कंबर आखडते. पोचलात त्या दिवशी फक्त चालणं. दुसऱ्या दिवशी ३० मिनिटं अगदी सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगानं. चौथ्या-पाचव्या दिवशी ८ ते १० किलोमीटर, त्यात शेवटचे दोन शर्यतीच्या वेगानं. सातव्या दिवशी ५ किलोमीटर आणि १०० मीटरच्या चार हलक्या धावा. नवव्या दिवशी विश्रांती किंवा २० मिनिटं. सुट्टीत नवीन तंदुरुस्ती कमवायला वेळ नसतो, आणलेली टिकवायची असते. म्हणून "इथे आल्यावर लांब पल्ला मारून घेतो" हा बेत सोडून द्या. शेवटची लांब धाव स्टुटगार्टलाच, निघण्याच्या आठवडाभर आधी.

आता सिंहगड. गडाची उंची १३१२ मीटर, आणि आतकरवाडीची पायवाट जेमतेम तीन किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर चढते. चढण्यानं दम लागतो, मांड्या दुखतात त्या उतरण्यानं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यातून त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. म्हणजे शुक्रवारी गड उतरलात, तर रविवारी सकाळी सुरुवातीच्या रेषेवर मांड्या नेमक्या सर्वाधिक ठणकत असतील. परगावाहून आलेल्यांच्या शर्यती फसण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि माणूस दोष देत बसतो हवेला. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांनाही हाच न्याय: एकदा वर जाऊन आल्यानं काही बिघडत नाही, पण शर्यतीच्या आठवड्यात त्यांवर फेऱ्या मारू नका. मुलांना आधीच गड दाखवायचा झाला, तर गाडीनं घाटरस्त्यानं वर जा आणि गाडीनंच खाली या. पिठलं-भाकरी खा. पायवाट पुढच्या शनिवारसाठी राखा.

तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता शनिवारी नको. तीन तास गर्दीत थांबत-थांबत चालल्यानं पाय जितके भरून येतात, तितके तासाभराच्या सावकाश धावण्यानंही येत नाहीत. गाठीभेटींचं मात्र बिनधास्त करा, फक्त शुक्रवार-शनिवारची जेवणं दुपारी घ्या. घरच्यांना शर्यतीची तारीख तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ऐनवेळी "आज रात्री येत नाही" म्हटलं की मावशीला वाईट वाटतं.

कपडे: डिसेंबरच्या पहाटे तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास असतं. घरचे कानटोपी घालायला लावतील, पण तुमच्या शरीराला ही हवा उबदारच वाटणार. बिनबाह्यांचा किंवा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट पुरे. थांबायच्या अर्ध्या तासासाठी अंगावर जुना सदरा ठेवा आणि सुटताना घरच्या माणसाकडे द्या. धावण्याचे बूट, मोजे, चड्डी आणि धावताना खायच्या नेहमीच्या जेल (साखरेच्या घट्ट पाकाच्या पुड्या) एवढं सामान विमानात हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली, तर इथे नवे बूट मिळतील. पण नव्या बुटांत २१ किलोमीटर म्हणजे फोड ठरलेले.

मुंबईत राहते, माहेर नारायण पेठेत. दहा किलोमीटर धावणार आहे. पुण्याच्या उंचीचा त्रास होईल का?

नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. एवढ्या उंचीनं दहा किलोमीटरच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट मुंबईच्या दमट हवेतून आल्यावर इथली कोरडी थंड पहाट फार हलकी वाटते, आणि तिथेच चूक होते: पहिले दोन किलोमीटर नेहमीपेक्षा फार वेगानं जातात. पहिल्या तीन किलोमीटरांत ठरवलेल्या वेगापेक्षा दर किलोमीटरला १० ते १५ सेकंद मागे राहा. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो म्हणून आलाच नाही असं वाटतं. पाण्याचं स्टेशन त्या भरवशावर सोडू नका.

प्रवास शुक्रवारी करा. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावरचा घाट तुंबला, तर बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घ्यायची वेळ टळते. शुक्रवार संध्याकाळची डेक्कन क्वीन पकडलीत तर शनिवारचा सगळा दिवस हाताशी राहतो.

दुबईत समुद्रकाठच्या सपाट रस्त्यावर सराव करतो. पुण्यातला रस्ता आता कसा आहे? वीस वर्षांपूर्वी सायकलवरून सगळं शहर पालथं घातलंय.

सायकलच्या आठवणीतला चढ आणि धावतानाचा चढ यांत फरक असतो. एक गोष्ट मनात पक्की ठेवा: पुण्यात नदी खाली आहे आणि बाकी सगळं वर. मुठेवरच्या कोणत्याही पुलाकडे जाताना उतार, पूल ओलांडून पुढे निघालात की चढ. कर्वे रस्त्यानं कोथरूडकडे, तिथून पौड रस्त्यानं चांदणी चौकाकडे, नदीकाठून पर्वती-सहकारनगरकडे, विद्यापीठ चौकातून पाषाणकडे. सगळीकडे रस्ता हळूहळू चढतो. हे चढ डोळ्यांना दिसत नाहीत, घड्याळात दिसतात. सपाटीला सरावलेला धावपटू चढावर तोच वेग धरून ठेवायला बघतो आणि १५ व्या किलोमीटरला रिकामा होतो. चढावर वेग सोडा, श्वास तोच ठेवा. उतारावर पावलं लांब टाकू नका; छोटी आणि भरभर टाका, नाहीतर टाच आपटून गुडघ्यावर भार येतो.

दुबईतच तयारी करायची तर आठवड्यातून एकदा ट्रेडमिलवर २ ते ३ टक्के चढ लावून ५ मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये २ मिनिटं सपाटीवर. सहा आठवडे पुरतात. किंवा तिथले उड्डाणपूल वापरा.

पृष्ठभागाचं म्हणाल, तर बरेच रस्ते आता सिमेंट काँक्रीटचे झालेत. काही ठिकाणी कडेला पेव्हर ब्लॉक आहेत. ते सुटलेले असले की घोटा वळतो, म्हणून शक्यतो रस्त्याच्या मधल्या भागात राहा. डांबरी रस्त्यांवर पुन्हा पुन्हा थर चढवल्यानं चेंबरची झाकणं कुठे इंच-दोन इंच खाली गेलेली असतात. अंधारात सुटणाऱ्या शर्यतीत ही झाकणं आणि गतिरोधक हाच खरा धोका. गर्दीत पुढच्याच्या पाठीला चिकटून धावू नका. दोन-तीन पावलं जमीन दिसेल एवढं अंतर ठेवा. शर्यतीचा नकाशा जाहीर झाला की आदल्या दिवशी रिक्षानं किंवा दुचाकीनं निदान शेवटचे पाच किलोमीटर बघून या. शेवटचं वळण कुठे आणि त्यानंतर चढ आहे की उतार, एवढं माहीत असलं तरी शेवटची धाव केव्हा काढायची ते ठरवता येतं.

न्यू जर्सीहून येते आहे. दर वेळी पुण्यात आल्यावर चार दिवसांत पोट बिघडतं. शर्यतीआधी काय खावं, काय टाळावं?

लहानपणी हेच पाणी प्यायलो, असं म्हणून उपयोग नाही. इथल्या जंतूंची सवय बरीच वर्षं बाहेर राहिल्यावर टिकत नाही. शर्यत होईपर्यंत पाणी घरचं, उकळलेलं किंवा फिल्टरचं. बाहेरचा बर्फ, उसाचा रस, पाणीपुरी, कच्च्या चटण्या, कापून ठेवलेली फळं आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर शर्यतीनंतर. गरम गरम समोर तळलेलं किंवा उकळतं असलेलं त्यामानानं सुरक्षित. चहा, घरचे पोहे, उपमा यांना हरकत नाही. मिसळीचा प्रश्न स्वच्छतेपेक्षा तिखट, तेल आणि मोड आलेल्या मटकीचा आहे. शर्यतीच्या आधीच्या दोन दिवसांत तिघंही नकोत.

आदल्या रात्रीचं जेवण सात-साडेसातला. वरण-भात, चमचाभर तूप, लिंबू, हवा तर सोबत उकडलेला बटाटा. ताक घरचं असेल आणि रोजची सवय असेल तरच. उसळ, कोबी, फ्लॉवर, वांगं नको. यांनी गॅस होतो आणि धावताना पोटात कळ येते. पोट फुटेस्तोवर भात खाऊन शर्यतीसाठी ताकदीचा "साठा" होत नाही. भात आधीच्या दोन दिवसांत थोडा थोडा वाढवायचा असतो.

शर्यतीच्या सकाळी, सुटण्याआधी दोन ते अडीच तास: दोन केळी, किंवा गूळ लावलेली पोळी, किंवा पाव-जॅम. साबुदाण्याची खिचडी हलकी वाटते, पण दाण्याचं कूट आणि तूप पचायला वेळ घेतात, म्हणून नको. चहा-कॉफी रोज घेत असाल तर घ्या. तेव्हापर्यंत दोन पेले पाणी, आणि सुटण्याआधी अर्धा पेला.

वाटेत तहान हाच मार्गदर्शक. साधारण वीस मिनिटांनी चार-पाच घोट. प्रत्येक स्टेशनवर पेला भरभरून पाणी पिणारा आणि चार तास धावणारा माणूस रक्तातलं मीठ पातळ करून घेतो. डोकं जड होणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं, आणि त्यावर आणखी पाणी पिणं घातक आहे. तासाभरापेक्षा जास्त धावणार असाल तर क्षार आणि साखर हवी. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाकीट वापरलंत, तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. घट्ट केलं तर त्यानंच जुलाब होतात.

आणि हे स्पष्टच सांगतो: आदल्या ४८ तासांत जुलाब किंवा ताप झाला असेल, तर शर्यत धावू नका. वेदनाशामक गोळी घेऊन तर मुळीच नको. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

थंडीत पुण्याला आलो की सकाळी घसा धरतो. फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा १५० दाखवत होता. धावावं का?

आधी तो आकडा कोणत्या मापाचा ते बघा. परदेशातून आणलेल्या फोनमधलं ॲप बहुधा अमेरिकी माप दाखवतं. आपलं सरकारी माप वेगळं आहे. हवेत पीएम २.५ कण (अतिसूक्ष्म धूलिकण) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि त्याच हवेला अमेरिकी निर्देशांक दीडशेच्या थोडा वर. भारतीय मापात १०१ ते २०० म्हणजे मध्यम, २०१ ते ३०० म्हणजे खराब. भारतीय आकडा २०० च्या वर असेल तर वेगाचा सराव रद्द करा. दमा असलेल्यांनी १०० च्या वरच सावध व्हावं आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात ठेवावा.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर वर जात नाही, खालीच कोंडतो. शहराचा तळ खोलगट, म्हणून नदीकाठच्या आणि मोठ्या चौकांजवळच्या भागात जास्त. सरावाला टेकडी किंवा विद्यापीठाचा परिसर बरा, मोठे चौक टाळा. शेकोट्या पेटवलेल्या गल्लीतून जाऊ नका. घसा निव्वळ कोरड्या हवेनं धरत असेल, तर पहिली दहा मिनिटं नाकानं श्वास घेता येईल इतकंच सावकाश धावा.

गेल्या वर्षीच्या अर्धमॅरेथॉनला माझ्या घड्याळानं २१.४ किलोमीटर दाखवले. मार्ग चुकीचा मोजला होता का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. प्रमाणित पद्धतीनं मार्ग मोजताना वळणांच्या आतल्या बाजूनं, धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात आणि कमी भरू नये म्हणून हजारात एक एवढं अंतर वाढवतात. २१ किलोमीटरला ते २१ मीटर होतं. बाकीचे मीटर आपण वळणं बाहेरून घेऊन, माणसं चुकवत नागमोडी धावून स्वतःच जोडतो. उंच इमारतींत आणि पुलांखाली घड्याळाचा उपग्रहाशी संपर्कही डळमळतो. वेगाचा हिशेब घड्याळातल्या किलोमीटरवर न ठेवता रस्त्यावरच्या फलकांवर ठेवा.

जूनमध्येच सुट्टी मिळते, तेव्हा शर्यत नसते. शनिवारवाड्यापासून जुन्या शाळेच्या वाटेनं पर्वती आणि मग वेताळ टेकडी असं एकट्यानंच धावायचं मनात आहे. जमेल का?

जरूर जमेल, पण एका सकाळी नको. दोन दिवसांत विभागा.

पेठांचा भाग रविवारी, पहाटे साडेपाच ते सात. शनिवारवाड्यापासून सारसबाग सुमारे दोन किलोमीटर, तिथून पर्वतीचा पायथा आणखी थोडा पुढे. गल्ल्या-बोळांतून वळसे घेत गेलात तर जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर सहज होतात. पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, त्यामुळे रस्त्यावरच धावावं लागेल. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं धावा. कुत्री अंगावर आली तर पळण्याचा वेग वाढवू नका. थांबा, चालू लागा, डोळ्याला डोळा भिडवू नका. पाऊस झाला असेल तर पर्वतीच्या पायऱ्या चालतच चढा आणि चालतच उतरा. ओल्या दगडावर धावण्याच्या बुटाचा तळ धरत नाही.

निघण्याआधी पंचांग बघा. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दिवसांत नाना पेठ, भवानी पेठ आणि आसपासचे रस्ते बंद असतात, लाखो वारकरी रस्त्यावर असतात. त्या दिवशी धावण्याचा बेत ठेवू नका. माउलींच्या दर्शनाला जा, चार पावलं वारीबरोबर चाला.

वेताळ टेकडी शहरातला सर्वांत उंच भाग, सुमारे ८०० मीटर. विधी महाविद्यालय रस्त्याच्या बाजूनं, पंचवटीकडून, चतुःशृंगीकडून अशा अनेक वाटा आहेत. एकटे असाल तर उजाडल्यावरच जा आणि रुळलेली वाट सोडू नका. पहिल्या पावसानंतर माती बुटाला चिकटते आणि प्रत्येक पाऊल जड होतं. मुरूम असलेल्या उतारावर खडी सुटते. चढ धावा, उतार चाला, असं पहिल्या दिवशी ठेवा. जुन्या खाणीतल्या पाण्याजवळ काठावर जाऊ नका, कडा निसरड्या असतात. (हिवाळ्यात आलात तर गुडघाभर मोजे घाला, वाळलेल्या गवताची कुसळं छोट्या मोज्यांत घुसतात आणि पुढचे तीन किलोमीटर टोचत राहतात.)

जूनच्या दमट हवेत मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत कातडी सोलते. निघण्याआधी व्हॅसलिन चोळा, सुती बनियन टाळा. साचलेल्या पाण्यातून पाय टाकू नका. खाली खड्डा आहे की उघडं चेंबर, ते कळत नाही.

चुलतभावाला जमत नाहीये, त्याचा बिब मला देतोय. चालेल ना?

नाही. बिबच्या नोंदीत त्याचं वय, रक्तगट, घरचा फोन असतो. तुम्ही कोसळलात तर डॉक्टर त्या माहितीवर विसंबतील आणि फोन भलत्याच घरी जाईल. नोंदणी स्वतःच्या नावानं, वेळेत करा. पारपत्र परदेशी असेल तर ओळखपत्र म्हणून तेच लागेल का, ते आयोजकांना आधी विचारा. बिब घ्यायला दुसऱ्याला पाठवायचं तर बहुधा सही केलेलं पत्र आणि ओळखपत्राची प्रत लागते.

आईबाबा पंच्याहत्तरीचे आहेत. मला धावताना बघायची त्यांची फार इच्छा आहे. त्यांना कुठे उभं करावं?

शेवटच्या रेषेवर नको. तिथे गर्दी असते, बसायला जागा नसते आणि रस्ते बंद असल्यानं रिक्षा लांब सोडते. घराच्या जवळून मार्ग जात असेल ती जागा निवडा, आणि घराच्याच बाजूचा पदपथ, म्हणजे त्यांना धावणाऱ्यांमधून रस्ता ओलांडावा लागणार नाही. एखादी ओळखीची सोसायटी किंवा दवाखाना लागून असला तर स्वच्छतागृहाचीही सोय होते.

वेळ काढून द्या. समजा शर्यत साडेपाचला सुटते, गर्दीतून सुरुवातीची रेषा ओलांडायला तुम्हाला १० मिनिटं लागतील आणि तुमचा वेग किलोमीटरला ७ मिनिटं आहे. आठव्या किलोमीटरला तुम्ही ६ वाजून ३६ मिनिटांनी पोचाल. त्यांना ६.२० ते ६.५० एवढा वेळ सांगा. डिसेंबरात तेव्हा नीट उजाडलेलं नसतं, आणि शेकडो लोक सारख्याच टी-शर्टात असतात. तुम्ही रस्त्याच्या कोणत्या बाजूनं येणार आणि टोपी कोणत्या रंगाची, हे आधी सांगून ठेवा. तुम्ही त्यांना शोधायचं, त्यांनी तुम्हाला नव्हे. घडीची खुर्ची, स्वेटर, कानटोपी, थर्मासमध्ये चहा आणि सोबत एक तरुण माणूस हवाच. ओवाळायचं असेल तर तबक पदपथावरच ठेवायला सांगा. तुम्ही कडेला या, अर्धा मिनिट थांबा. मागून येणाऱ्यांच्या वाटेत निरांजन नको.